हलका जोर

मधल्या पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला, "सॉरी हं," आणि माझा हात थांबला. माझ्या खुर्चीत एक कॉलेजातली मुलगी आ वासून पडली होती, तिच्या वरच्या दातांवर मी नवी तार बसवत होते. पण कान सगळे भिंतीकडे. सॉरी? हा कधीपासून सॉरी म्हणायला लागला? माझा नवरा म्हणजे कधी चुकत नाही असा माणूस. दूध उतू गेलं तर गॅस मोठा होता, गाडी ठोकली तर खांब नको तिथे उभा होता. घरात हा शब्द ह्याच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही, आणि पेशंटसमोर तर नाहीच नाही. पेशंटसमोर ह्याचं एकच पालुपद: "झालं, झालं, हे बघा, झालंच." मशीन हातात घ्यायच्या आधीच ह्याचं झालेलं असायचं. लोकांना ते आवडायचं. दाढ ठणकत असताना माणसाला दुसरं काय ऐकायचं असतं? आणि त्या सॉरीच्या आधी, आता लक्षात आलं, मशीनचा सूर मध्येच अडखळला होता. दात कोरताना तो थांबतो, पुन्हा लागतो, वर चढतो. इतकी वर्षं पार्टिशनच्या अलीकडे बसून मला तो ह्याच्या घोरण्याइतका पाठ आहे. आज अडखळला तसा तो कधी अडखळत नाही. मुलगी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. तिच्या ओठाचा कोपरा ताणून धरून मी किती वेळ तशीच बसले होते कोण जाणे. "काही नाही गं," मी म्हटलं, आणि तार पुढच्या दाताशी सरकवली.

थोड्या वेळाने बाहेरून हसण्याचा आवाज आला म्हणून मी दारात गेले. आमच्या खाली चष्म्याचं दुकान आहे, त्याचा मालक ह्याचा जुना पेशंट आणि पट्टीचा गप्पिष्ट. तो तोंडात कापूस धरून काउंटरशी उभा होता. "डॉक्टरांनी जीभ कापली माझी," तो बोबड्या आवाजात सांगत होता, "बायको तुमचे उपकार विसरणार नाही." रिसेप्शनवरची मुलगी फिसकन हसली. ती दिवसभर पेनाचं बटण दाबत बसते म्हणून आम्ही तिला टिकटिक म्हणतो, आणि तिलाही ते चालतं. "जीभ मध्ये आली हो," हा म्हणाला, "मशीन चालू असताना पण ह्यांना बोलायचं असतं." सगळे हसले. मीही हसले असेन. कापसावर लाल डाग होता, फार नव्हता, दोन दिवसांत भरून येईल एवढंच. पण ह्याचा उजवा हात एप्रनच्या खिशात होता. हा कधी खिशात हात घालून उभा राहत नाही. बोलायला लागला की ह्याचे दोन्ही हात हवेत असतात, समोरच्याने चहाचा कप सांभाळून धरावा. मी आत वळले आणि टिकटिकला म्हटलं, पुढच्याला पाठव.

दारावर आमच्या दोन पाट्या आहेत, एकाखाली एक. ह्याची वर, कारण क्लिनिक आधी ह्याचं. माझी खाली, पण तिच्यावर अक्षरं जास्त, कारण मी तीन वर्षं जास्त शिकले. ह्या दोन पाट्यांनी आजवर किती लोकांना बुचकळ्यात पाडलं असेल. दात तेच, तोंड तेच, मग डॉक्टर दोन कशाला, असं विचारणारा आठवड्यात एक तरी भेटतो. मी आधी नीट समजावून सांगायची. दातांचे डॉक्टर आम्ही दोघंही, एकाच कॉलेजातले, एकाच वर्गातले. हा सगळं बघतो: कीड, सूज, ठणका, मोडलेली दाढ, कवळी. मी नंतर फक्त दात आणि जबडे जागेवर कसे आणायचे तेवढंच शिकले आणि तेवढंच करते, ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात मला, म्हणता येत नसेल तर तारवाली म्हणा. लोक तारवालीच म्हणतात. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी तर हा प्रश्न चार शब्दांत निकालात काढला होता. "हा उपटतो, ही वळवते," असं त्या पाहुण्यांना अभिमानाने सांगायच्या, आणि वर पुस्ती जोडायच्या, "माझ्या मुलाला मात्र तिला वळवता आलेलं नाही हो अजून." त्या बाई गेल्यावर घरातलं हसणं निम्म्यावर आलं. त्या असत्या तर त्यांनी ह्याचा हात पहिल्याच दिवशी धरला असता आणि विचारलं असतं, काय रे, हे काय? मला ते जमलं नाही.

पण उपटणं आणि वळवणं हा वरवरचा फरक झाला. खरा फरक वेळेचा आहे, असं मला वाटत आलंय. ह्याच्याकडचं दुखणं आजचं असतं. माणूस गाल धरून येतो आणि अर्ध्या तासात गाल सोडून जातो, रात्री झोपतो, सकाळी ह्याला विसरतो. माझ्याकडे दुखतंय म्हणून कुणी येत नाही. न दुखणारे येतात आणि दुखणं घेऊन जातात, असं हा चिडवतो मला. माझं कुठलंच काम आज होत नाही. मी तार बांधते, जराशी ताणते आणि म्हणते, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मुलं माझ्या खुर्चीत वाढतात, त्यांचे आवाज फुटतात, मुली पहिल्यांदा आईशिवाय एकट्या येतात, आणि एक दिवस मी तारा काढते तेव्हा त्यांना स्वतःच्याच दातांवरून जीभ फिरवून कसंतरीच वाटतं. मग सुद्धा संपत नाही. दात मूळच्या जागी परत जायला बघतात, म्हणून वर्षभर रात्री लावायला काहीतरी द्यावं लागतं. "तू डॉक्टर नव्हेस," हा म्हणतो, "तू क्लासटीचर आहेस." आणि लोकांना वाटतं की मी दात ओढते. ओढून दात हलत नाही, ओढला तर मरतो. त्याला हलका जोर लावायचा, इतका हलका की दोन दिवसांत माणूस विसरून जाईल. मग दात जिकडे जाऊ बघतो तिकडचं हाड आपण होऊन विरतं, वाट देतं, आणि मागे नवं हाड भरत येतं. जोर वाढवला की वाट मिळायच्या आत मूळ झिजून जातं. आम्हाला शिकवणारे एक सर म्हणायचे, तुम्ही दात हलवत नाही, तुम्ही हाडाची समजूत घालता. मी ते वाक्य जन्मभर धरून बसले. समजूत घालायची, वाट बघायची, कुणाला दुखू द्यायचं नाही. घरात, क्लिनिकमध्ये, माहेरी, सगळीकडे मी हेच केलं आणि सगळे म्हणाले, किती शांत बाई आहे.

ह्याच्या हातावर मी भाळले होते, चेहरा नंतर बघितला. कॉलेजात एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांची दाढ माझ्याकडून निघेना. मी घामाघूम, ते बिचारे खुर्चीचे हात घट्ट धरून, आणि मागे सर घड्याळ बघत उभे. हा शेजारच्या खुर्चीवरून आला, माझ्या हातातली पक्कड घेतली, त्यांच्या गालावर डावा हात असा ठेवला, जणू ताप बघतोय, आणि दाढ बाहेर. त्यांनी विचारलं, सुरू कधी करणार? सगळी मुलं हसली. ह्याचा हात हलका आहे, असं तेव्हापासून सगळे म्हणायला लागले. पुढे पेशंटही तेच म्हणत यायचे, अमक्याने सांगितलं, तुमचा हात हलका आहे. मी तीन वर्षं पुढे शिकत होते तेव्हा ह्याने एका खोलीत क्लिनिक थाटलं होतं, आणि संध्याकाळी हा मला भेटायला यायचा तेव्हा ह्याच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास असायचा. बसस्टॉपवर आम्ही भांडायचो. हा म्हणायचा, तीन वर्षं घालवून शिकणार काय, तर पोरांना हसायला. मी म्हणायची, तू तर रडणाऱ्यांवर जगतोस. मग बस यायची आणि हा माझा हात सोडायचा नाही. ते हात मला अजून माझ्या मनगटावर जाणवतात. लोक नवऱ्याचं काय काय बघून लग्न करतात, मी हात बघून केलं, असं म्हटलं तर त्यात खोटं काही नाही.

जीभ कापली त्या दिवसानंतर मला सगळं दिसायला लागलं, आणि दिसायला लागलं तेव्हा कळलं की आधीही दिसलेलं होतं. हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. हे मी थंडीतच बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, गारठलाय. थंडी गेली तरी दोन्ही हात कपावरच होते, तेव्हा म्हटलं, सवय लागली. पेपर हा हातात धरून वाचायचा, आता टेबलावर पसरून वाचतो. मला वाटलं, डोळे. शर्टाची बटणं लावताना माझ्याकडे पाठ करतो. कुलूप उघडायच्या वेळी ह्याच्या हातात नेमकी पिशवी असते आणि हा म्हणतो, तू उघड. प्रत्येकाला एक कारण होतं आणि प्रत्येक कारण मी ह्याच्या आधी शोधून ठेवलेलं होतं. आता मी जेवताना ह्याच्या चमच्याकडे बघायची आणि हा बघेल म्हणून नजर खाली घालायची. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. ती दोन बोटं आपापसात काहीतरी बोलत असल्यासारखी हलायची, हा गप्प बसलेला असताना जास्त. मला रडू यायचं. मी उठून पाणी आणायला जायची. क्लिनिकमध्ये तर मी कामाला निकामीच झाले होते, माझ्या खुर्चीत कुणीही असो, माझं लक्ष पलीकडच्या सुरावर. सूर लागला की श्वास धरायचा, थांबला की सोडायचा. घरी आल्यावर माझी मान दुखायची आणि हा विचारायचा, काय गं, आज जास्त पेशंट होते का?

सांगायला हवं होतं. रोज ठरवायची. आज चहाच्या वेळी, आज गाडीत, आज कपड्यांच्या घड्या घालताना. पण सांगायचं काय? तुझा हात गेला? हात म्हणजेच हा. हा माणूस सुट्टीवर गेला तरी तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या वेटरचे दात बघून त्याला म्हणतो, ही दाढ दाखवून घ्या. ह्याच्याकडून तो हात काढून घेतल्यावर मागे काय उरणार, आणि जे उरेल ते मला सकाळी चहा देणार का, माझ्याशी भांडणार का, मला भीती वाटायची. आणि दुसरीकडे ती जीभ डोळ्यांसमोर यायची. आज जीभ होती, उद्या कुणाच्या तोंडात काय होईल? ह्या दोन्हींच्या मध्ये मी माझा मार्ग काढला. मला दुसरा येत नव्हता. बुधवारी आमच्याकडे एक तरुण सर्जन येतो, अक्कलदाढा काढायला. टिकटिकला मी सांगितलं, आता अवघड दाढा सगळ्या बुधवारी घे, सर दमतात. पंधरवड्याने सांगितलं, रूट कॅनल पण त्यालाच दे. मग दोन पेशंटच्या मध्ये जास्त वेळ ठेवायला लावला. मग म्हटलं, नवीन माणसाचा फोन आला तर सर नाहीत म्हण, बुधवारचं सांग. ती पेनाचं बटण दाबत सगळं ऐकून घ्यायची, विचारायची काही नाही. एकदा फक्त म्हणाली, "मॅडम, सरांना माहितीये ना?" मी म्हटलं, "सरांनीच सांगितलंय." किती सहज म्हणून गेले. एका वेळी थोडंच सरकवायचं. दुखलं नाही पाहिजे, कळलं नाही पाहिजे, आणि वर्षभरात हा स्वतःच म्हणेल, पुरे झालं आता, निवांत बसतो. मला खरंच वाटत होतं की हे जमतंय. ह्याच्या दुपारी मोकळ्या व्हायला लागल्या. हा बाहेरच्या सोफ्यावर पेपर घेऊन बसायचा, खाली चष्मेवाल्याकडे गप्पा मारायला जायचा, परत येऊन माझ्या दारात उभा राहायचा. एकदा म्हणाला, "हल्ली लोकांचे दात सुधारलेत वाटतं." मी तार कापत म्हटलं, "टूथपेस्ट चांगल्या आल्यात." हा हसला, पण लगेच गेला नाही, दाराला टेकून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी मान वर केली नाही.

मग एक दिवस दुपारी भूगोलाच्या बाई आल्या. शाळेतून कधीच्या निवृत्त झाल्या, पण अजून कुणी समोर वाकडा उभा राहिला की सरळ उभा राहा म्हणतात. आमचं क्लिनिक एका खोलीचं होतं तेव्हापासूनच्या ह्याच्या पेशंट, दुसऱ्या कुणाला तोंड उघडून दाखवणार नाहीत. मलासुद्धा नाही. तू माझे दात सरळ करशील, ह्या वयात मला भलतं काही नको, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. त्यांचा उजवा गाल चांगलाच सुजला होता. मी माझ्या दारात होते, एका मुलाच्या आईला पुढची तारीख सांगत. टिकटिकने शिकवल्याप्रमाणे मान न उचलताच म्हटलं, "सर नाहीत. बुधवारी दुसरे डॉक्टर येतात, त्यांच्याकडे घेऊ?" आणि बाई म्हणाल्या, "सर नाहीत? मग हा सोफ्यावर कोण बसलाय?"

पेपर खाली आला. पेनाची टिकटिक बंद पडली. त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं. दुसरं काय करणार होती बिचारी. आणि हिने माझ्याकडे पाहिलं हे ह्याने पाहिलं. पाहता पाहता ह्याच्या चेहऱ्यावरून सगळे बुधवार, सगळ्या मोकळ्या दुपारी, माझी टूथपेस्ट, सगळं सरकत गेल्याचं मला दिसलं. मला वाटलं हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. ह्याने पेपरची नीट घडी घातली, सोफ्यावर ठेवली, आणि बाईंना म्हणाला, "नाही कसा, आहे की. या आत." दार लागलं. मुलाची आई विचारत होती, मग तारीख कुठली म्हणालात, आणि मला तारीख आठवेना.

पलीकडे पाणी वाहिल्याचा आवाज आला, ट्रे सरकवल्याचा, मग बराच वेळ कसलाच नाही. मग ह्याचा आवाज, "अगं, जरा इकडे ये." मी गेले. बाई खुर्चीत आडव्या, छताकडे बघत. ट्रेमध्ये भूल देण्याचं इंजेक्शन भरून ठेवलेलं, आणि हा स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून. "वरची शेवटची दाढ. वाचण्यासारखी नाही. तू काढ," हा म्हणाला. मी म्हटलं, "मी?" "का? आधी दातांचीच डॉक्टर झालीस ना, मग तारांची?" "अरे, कॉलेजनंतर मी एकही..." "काय चाललंय तुमचं?" बाई म्हणाल्या, "हे माझं तोंड आहे, तुमचं घर नाही." ह्याने वाकून त्यांच्या दंडावर डावा हात ठेवला. "बाई, आज ही काढणार आणि मी सांगणार. हिची परीक्षा आहे." बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग मार्क मी देणार," त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

मी हातमोजे चढवले. भूल दिली, थांबलो, हा बाईंशी त्यांच्या भाचीबद्दल बोलत राहिला, त्या एका बाजूने बोलत राहिल्या. मग मी पक्कड लावली आणि ओढायला गेले. "ओढू नकोस," हा हळूच म्हणाला, माझ्या कानाशी, बाईंना ऐकू जाऊ नये असा. "आधी आत दाब, मुळाकडे. अजून. आता बाहेर, गालाकडे, सावकाश. हाड रुंद होतंय बघ. आता टाळूकडे. ओढून दात निघत नाही, हाडाने जागा द्यावी लागते. तुझंच काम आहे हे, फक्त लवकर करायचं." मला ते पहिल्यांदाच कळत होतं. इतकी वर्षं मी ह्याला उपटणारा म्हणत आले, आणि हा सगळा वेळ हाडालाच विचारत होता. दाढ माझ्या हाताखाली सैल झाली. "आता थांबू नकोस," हा म्हणाला, "आता थांबलीस तर दुखेल." मी मनगट वळवलं आणि ती आली, अख्खी, तिन्ही मुळांसकट. बाईंनी कापूस चावला, डोळे पुसले, आणि बोलता येत नव्हतं म्हणून हाताने खूण केली, बरी आहे, पास. जाताना त्यांनी ह्याच्या गालाला हात लावला, शाळेतल्या मुलाच्या लावावा तसा. त्यांना कळलं होतं. सगळ्यांना कळत होतं.

दार लागल्यावर मी हातमोजे काढत सिंकशी उभी राहिले. हा स्टुलावरून हलला नाही. "कधीपासून?" ह्याने विचारलं. मी म्हटलं, "काय कधीपासून?" "सर नाहीत." मी पाठमोरीच म्हटलं, "चष्मेवाल्याच्या जिभेपासून." हा म्हणाला, "मला त्याच्या आधीपासून माहितीये. थंडीच्याही आधीपासून." मी वळले. मला राग आला, खरंच आला, इतके दिवस मी एकटी मरत होते म्हणून. "मग सांगितलं का नाहीस मला?" "सांगितलं नाही?" हा म्हणाला, "रोज तुझ्यासमोर कप उचलत होतो. मुद्दाम. वाटलं, ही बघेल. दात केसाएवढा फिरला तर हिला खोलीच्या दारातून दिसतो. हिला दिसलं तर ही बोलेल. तू काही बोलत नव्हतीस. मग मी म्हणायचो, अजून तेवढं नसेल. मलाच उगीच वाटतंय. असं म्हणायचो आणि आत येऊन मशीन हातात घ्यायचो." मी हातमोजे कचऱ्याच्या डब्यात टाकले. "जीभ कापली त्या दिवशी," हा म्हणाला, "घरी आल्यावर मी वाट बघत बसलो होतो. म्हटलं, आज ही बोलणार. मी टीव्ही पण लावला नाही. तू आलीस आणि विचारलंस, उद्या इस्त्रीला कपडे द्यायचेत का. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, वाचलो, खरंच जीभच मध्ये आली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेतल्या पोराची दाढ भरली मी. दात आवळून हात आवरत होतो. तुझ्या गप्प बसण्याच्या भरवशावर."

बाहेर फोन वाजत होता आणि टिकटिक तो उचलत नव्हती, काय सांगायचं हे तिला कळत नसणार. मला म्हणायचं होतं, मी तुला दुखू नये म्हणून केलं रे. ते खरं होतं. पण ते म्हणायला तोंडच उरलं नव्हतं मला. तो पोरगा मला आठवत होता, आईच्या पर्समधली चावी फिरवत बसला होता, आणि मी पार्टिशनच्या अलीकडे श्वास धरून सूर ऐकत होते. ऐकतच होते.

ह्याने हात पुढे केला. खुर्चीवरचा दिवा ओढून त्याच्यावर आणला, बोटं पसरली, कुणी पेशंट दात दाखवतो तसा हात माझ्यापुढे धरला. "आता बघ," हा म्हणाला, "नीट बघून सांग. बघू म्हणू नकोस."

मी पाहिलं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मनगटाची शीर. खूप होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त होतं. "उद्यापासून नाही," मी म्हटलं. "उद्यापासून तू कुणाच्या तोंडाला हात लावायचा नाहीस."

"बरं," हा म्हणाला.

ह्याचे डोळे भरून आले होते आणि ह्याने ते पुसले नाहीत. मी ह्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, घट्ट धरला. मला वाटलं होतं, धरल्यावर तरी तो थांबेल. तो थांबला नाही.